टाकेवणीचा मंजूर इतिहास

प्रत्येक गावाला इतिहास असतो; आणि ज्या गावाला तो नसतो, त्याने तो तीस दिवसांच्या आत, तीन प्रतींत सादर करायचा असतो. हे तत्त्व आमच्या टाकेवणी नगरपंचायतीला मागल्या वर्षी आषाढात एका परिपत्रकामुळे समजलं. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की परिपत्रक घेऊन आलेला शिपाई आधी शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरला आणि तिथल्याच शिक्क्याची पोच घेऊन निघाला. (पोच ग्राह्य धरण्यात आली.)

टाकेवणी हे नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीच्या बाजूला, घाटाच्या माथ्यावर वसलेलं छोटं शहर आहे. शहर म्हणजे, आधी चौदा घरं होती, मग रस्ता आला, रस्त्यामागून हॉटेलं आली, मग आजूबाजूच्या सात वाड्या कागदावर जोडल्या आणि नगरपंचायत झाली. वर्षातले एकशे दहा दिवस गाव ढगात असतं आणि मार्चपासून टँकरची वाट पाहतं. मी ह्या कार्यालयात लिपिक आहे. सभांचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. त्यामुळे पुढे जे सांगतो ते बहुतेक माझ्याच अक्षरात उपलब्ध आहे.

परिपत्रक ‘डोंगरी वारसा नगर’ ह्या दर्जाबद्दल होतं. दर्जा मिळाला की वेशीवर तपकिरी पाटी लागते, आणि तपकिरी पाटी दिसली की मुंबई-नाशिकच्या गाड्या आपोआप वळतात, असा अनुभव आहे. दर्जासाठी शंभर गुण होते. गावाचं वय तीनशे वर्षं भरत असेल तर चाळीस, राजाचा मुक्काम झाला असेल तर वीस, लढाईला वीस (जिंकलेली असल्यास, हरलेली असल्यास आठ, तेही वीरमरणासह), फितुरीला दहा. उरलेले दहा स्वच्छतागृहाला.

आमच्या गावानं नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. बाकीच्या बाबतींतही परिस्थिती समाधानकारक नव्हती.

नगराध्यक्षा मोहिनीताईंनी तातडीनं इतिहास समिती नेमली. त्या स्वतः अध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब सचिव, आणि इतिहास लिहायला सावळीराम गुरुजी. गुरुजी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवून निवृत्त झालेले. गावात ऱ्हस्व-दीर्घ न चुकता लिहिणारा तेवढा एकच माणूस, हे निवडीचं कारण मी टिपणीत नमूद केलं आहे. पण गुरुजींनी कामाला सुरुवातच चुकीच्या पद्धतीनं केली. ते लोकांना जाऊन विचारू लागले.

बारा दिवस ते भर पावसात छत्री घेऊन जुन्या आळीत हिंडत होते. त्यातले सात दिवस ते एकट्या भागीबाई धोंगडे ह्यांच्या ओट्यावर बसले. भागीबाईंचं वय त्रेसष्ट. नवरा वारलेला, मुलगी घोटीला दिलेली, घरामागं भाताची दोन खाचरं, आणि घरासमोर गावची पहिली विहीर. चौदा घरं डोंगरावर चढली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांना सगळं आठवत होतं. ही पुढे अडचण ठरली.

त्यांनी गुरुजींना सांगितलं ते असं. गाव आधी खाली खोऱ्यात होतं. धरण आलं तेव्हा लोकांना उठायला सांगितलं होतं, पण कुणाला खरं वाटलं नाही. पाणी देवीच्या देवळाच्या पायरीला लागलं की थांबेल, पाण्याला एवढी तरी लाज असेल, अशी सगळ्यांची समजूत होती. श्रावणात पाणी पायरीला लागलं आणि पुढं आलं. भागीबाईंचे वडील फकिरा ह्यांनी घराचं दार चौकटीसकट उपटून गाढवावर घातलं. दुसऱ्या वळणावर गाढव अडलं, तेव्हा दार स्वतःच्या पाठीवर घेऊन ते वर आले. मागून तेरा घरं, तेरा चौकटी. जुन्या आळीतली दारं त्यामुळे आजही भिंतींपेक्षा वयानं मोठी आहेत.

वर पाणी नव्हतं. ज्या पाण्यानं गावातून उठवलं तेच आणायला बाया तीन वर्षं हंडे घेऊन खाली उतरत राहिल्या. मग फकिरांनी विहीर खोदायला घेतली. काळा पत्थर, हातात पहार. बत्तीस फुटांवर एक दगड सुटला आणि त्याच्याखाली भागीबाईंचा थोरला भाऊ बहिरू सापडला. एकोणीस वर्षांचा होता. त्याला बाहेर काढायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्या दगडाच्या जागी पाणी लागलं. सगळं गाव ते पाणी प्यायलं. भागीबाईंच्या आईनं मात्र मरेपर्यंत त्याला तोंड लावलं नाही. आपल्यापुरता हंडा ती धरणावरून आणत राहिली.

गुरुजींनी हे सगळं अकरा पानांत लिहून काढलं आणि समितीपुढे वाचलं. मोहिनीताईंनी डोळ्याला पदर लावल्याचं मला आठवतं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि मुख्याधिकारी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी अभिप्राय लिहिला तो असा: ‘मजकूर भावपूर्ण आहे. तथापि त्यात राजा नाही, घोडा नाही. पृष्ठ दोनवर एक गाढव आहे, ते वगळावे. गुण: शून्य.’

मग नाशिकहून वारसा सल्लागार बोलावण्यात आले. संतोष त्यांचं नाव. वय एकतीस, अनुभव बावीस गावांचा. त्यांनी गाव गाडीतूनच पाहिलं, आणि धुकं असल्यामुळे तेही पाहिलं नाही. पण अनुभवी माणसाला त्याची गरज नसते. आठ दिवसांत त्यांनी राजा रणधवल ह्यांना टाकेवणीत मुक्कामाला आणलं. शत्रूनं डोंगर वेढला, राजानं माथ्यावर लढाई देऊन त्याला उधळून लावलं, आणि सैन्य तहानलेलं पाहून कड्यावर तलवार मारून एका प्रहरात विहीर काढली. तीच आजची राजविहीर. लढाईचं साल सतराशे अकरा ठरलं. सतराशे पंचवीसही चाललं असतं, पण फायली कधी कधी मागे राहतात, म्हणून थोडी सवलत ठेवली. तिथी माघ शुद्ध दशमी, कारण पावसाळ्यात पाहुण्यांच्या गाड्या घाट चढत नाहीत आणि वैशाखात लग्नं असतात.

मसुदा सर्वसाधारण सभेपुढे आला. एवढी उपस्थिती मी ह्या सभागृहात पाणीप्रश्नावरही पाहिलेली नाही. गावात एकेचाळीस आडनावं आहेत आणि प्रत्येकाला आपला पूर्वज लढाईत हवा होता. समितीनं कुणाला नाराज केलं नाही. एकेचाळीस सरदार मंजूर झाले. (आमच्या आडनावाला डावी बगल मिळाली. मी आभार मानले.) सैन्य कुठंय, असं एका सदस्यानं विचारलं, तेव्हा संतोषरावांनी ही सरदारांचीच लढाई असल्याचा खुलासा केला. देवळाली कॅम्पला तोफखान्यात नोकरी केलेले एक निवृत्त हवालदार उठले आणि म्हणाले की समोरच्या टेकडीवरून त्या काळची तोफ इथवर पोचणार नाही. त्यांच्या सूचनेचा आदर करून टेकडी पाचशे मीटर अलीकडे घेण्यात आली.

फितुरीचे दहा गुण मात्र कोणी घेईना. शेवटी वीस वर्षांपूर्वी सातपूरला कारखान्यात नोकरीला गेलेल्या एका कुटुंबाकडे ते एकमतानं सोपवण्यात आले, कारण त्या कुटुंबातर्फे सभेला कोणी हजर नव्हतं. ती मंडळी साप्ताहिक सुट्टी मिळाल्यावर तीन मोटरसायकलींवरून हरकत घ्यायला आली, पण ठराव झाला होता. ‘गैरसमजातून फितुरी’ एवढी दुरुस्ती करून त्यांना चहा देण्यात आला.

मंजूर मसुद्याची पुस्तिका छापली, तिच्यावर लेखक म्हणून नाव सावळीराम गुरुजींचंच राहिलं; शिक्षकाचं नाव असलं की मजकूर खरा वाटतो. गुरुजींनी लेखी निषेध दिला. त्याचा पहिला परिच्छेद, ज्यात त्यांनी ह्या कामासाठी निवडल्याबद्दल समितीचे आभार मानले होते, तेवढा पुस्तिकेत ‘लेखकाचे मनोगत’ म्हणून छापण्यात आला. उरलेला जागेअभावी वगळला.

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. पण लढाईला रणभूमी लागते, आणि रणभूमीवर स्मारक. टाकेवणीत शाळेचं मैदान सोडलं तर सपाट जागा दोनच. एक मोहिनीताईंच्या दिरांची, हॉटेलसाठी राखून ठेवलेली. तिथं लढाई झाल्याचा कोणताही पुरावा समितीला सापडला नाही. दुसरी विहिरीसमोरची, जिथं भागीबाईंचं घर. तिथं सापडला. चार महिने वयाच्या रणभूमीनं पन्नास वर्षांच्या घराला नोटीस काढली. नोटीस मीच टाईप केली: ‘आपले घर ऐतिहासिक रणभूमीवरील अतिक्रमण असल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत म्हणणे सादर करावे.’

नोटीस भागीबाईंना वाचता येत नव्हती. त्या ती घेऊन गुरुजींकडे गेल्या. पुस्तिकेवर आपलं नाव आणि नोटिशीत पुस्तिकेचा हवाला, हे गुरुजींनी वाचलं आणि त्यांना ओशाळं वाटलं. दोन दिवस ते जेवले नाहीत असं त्यांच्या सूनबाई सांगतात. तिसऱ्या दिवशी ते भागीबाईंना म्हणाले की तुमच्याकडे प्लॉट दिल्याचं धरणाच्या वेळचं पत्र असेल, ते काढा. कागद खरा आहे, कागदापुढे कोणाचं चालत नाही. एवढी वर्षं मुलांना शिकवूनही गुरुजींचा कागदावर असा विश्वास होता.

पत्र होतं. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत, जपून ठेवलेलं. पहिल्या सुनावणीला भागीबाईंनी ते साहेबांपुढे ठेवलं आणि घर कसं झालं, विहीर कुणी खोदली, बहिरू कसा गेला, सगळं सांगितलं. मी जबाब लिहून घेतला. साहेब सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं, उजेडाला धरून पाहिलं आणि अस्सल असल्याचं मान्य केलं. मग म्हणाले की ह्यावरून आपण इथं एकोणीसशे त्र्याहत्तर साली आल्याचं निःसंशय सिद्ध होतं. लढाई सतराशे अकराची. म्हणजे आधी कोण आलं, हा प्रश्न आपणच निकाली काढला आहे. पत्राची सत्यप्रत नगरपंचायतीच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी त्यांच्या ओट्यावर गेले, तेव्हा त्या अंगणातल्या उखळात भात कांडत होत्या. उखळ म्हणजे अंगणातल्याच कातळात कोरलेला खळगा. फकिरांनी घर बांधलं त्या वर्षी स्वतः कोरलेला. मुसळ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “गुरुजी, ह्यो खळगा राजाच्या घोड्याच्या टापेचा हाय, आसं लिवा.”

गुरुजींना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी मान हलवली. आपण असलं खोटं लिहिणार नाही, एकदा नाव वापरलं गेलं तेवढं पुरे, असं ते म्हणाले.

“खोटं तर समदंच हाय,” भागीबाई म्हणाल्या. “मंग त्यात माझंच घर का नाय?”

गुरुजींनी पुढे मला सांगितलं की एकतीस वर्षांत चौथीच्या वर्गात त्यांना एवढा अडचणीचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते घरी गेले आणि त्यांनी सहा पानांचं म्हणणं लिहिलं. राजा रणधवल लढाईआधी धोंगडे ह्यांच्या घरी पाणी प्यायले. घोड्यानं अंगणात टाप आपटली. टापेचा ठसा कातळावर आजही आहे. दाराची चौकट त्याच काळची. (हे शेवटचं जवळपास खरं होतं, निदान चौकट वरच्या गावापेक्षा जुनी होती.) तळटिपा अकरा. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या सुनावणीला साहेबांचा चेहरा खुलला. संतोषरावांनी जागेवर जाऊन उखळाचं माप घेतलं आणि घोडा साधारण हत्तीएवढा असावा, असा निष्कर्ष काढला; त्यामुळे राजाची उंचीही वाढली. मोहिनीताईंनी भागीबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि आत्या म्हणून हाक मारली. नोटीस मागे घेण्याचं ठरलं. फक्त एक तांत्रिक बाब उरली होती.

साहेब म्हणाले की पहिल्या जबाबात आपण विहीर वडिलांनी आणि भावानं खोदल्याचं सांगितलं आहे. दुसऱ्या म्हणण्यानुसार राजा इथं आला होता, आणि राजा आला तर विहीर त्याची. एकाच अर्जदाराचे दोन जबाब एकमेकांना छेद देत असतील तर दोन्ही बाद होतात आणि नोटीस कायम राहते. तेव्हा विहीर कुणी खोदली, एवढं एका वाक्यात सांगा, म्हणजे प्रकरण मिटेल.

भागीबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी टेबलावरच्या काचेकडे पाहत होते. मी पेन उघडून बसलो होतो. बाहेर एक ट्रक मागे घेताना वाजत होता, तो थांबला.

“राजानं खंदली,” त्या म्हणाल्या.

मी तसं लिहिलं. त्यांनी अंगठा दिला. शाई जरा जास्त लागली होती. त्यांनी ती पदराला न पुसता विहिरीवर जाऊन धुतली. गुरुजी बरोबर होते. हात धुता धुता त्या म्हणाल्या, “बहिरूला आज म्याच त्या दगडाखाली घातला, गुरुजी.” ह्या वाक्याची नोंद इतिवृत्तात नाही, कारण सभा संपली होती.

टाकेवणीला ब्याण्णव गुण मिळाले. गेलेले आठ स्वच्छतागृहाचे. लढाई दोनशे मीटर उत्तरेला, शाळेच्या मैदानावर हलवण्यात आली आणि तिथं राजा रणधवल ह्यांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. मुलं आता खो-खो रस्त्यावर खेळतात. तपकिरी पाटी लागली. गाड्या वळू लागल्या. मागल्या माघात चौथीच्या स्पर्धेत ‘राजविहीर कोणी बांधली?’ असा प्रश्न होता आणि सर्व विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिलं. निकाल शंभर टक्के.

भागीबाईंचं घर वाचलं. ते आता संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे गळकी कौलं बदलायला परवानगी लागते, आणि परवानगी देणारी समिती अजून नेमायची आहे. त्या पावसाळ्यात घरात चार ठिकाणी पातेली ठेवतात. उखळाभोवती कठडा घातला आहे. भात गिरणीवरून आणावा लागतो. पर्यटक येतात, बूट काढून टापेला हळद-कुंकू वाहतात आणि भागीबाईंना राजाबद्दल विचारतात. त्या सांगतात. आता त्या चांगलं सांगतात. राजा कोणत्या हातानं पाणी प्यायला, तेसुद्धा. पण विहिरीचा विषय निघाला की त्या उठून आत जातात. माहिती देण्यात कसूर झाल्याबद्दल त्यांना एकदा तोंडी समज देण्यात आली आहे.

आईसारखंच आता भागीबाईही विहिरीचं पाणी पीत नाहीत, असं गुरुजी म्हणतात. मी खात्री केलेली नाही. मात्र ह्या मे महिन्यात धरणाचं पाणी खूप उतरलं आणि देवीच्या देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, तेव्हा ती दोघं पायवाटेनं खाली गेलेली मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिली. सुट्टीचा दिवस होता, मी राहिलेली इतिवृत्तं पुरी करायला आलो होतो. मीही मागून गेलो. गुरुजींनी त्यांची ती अकरा पानं सोबत आणली होती. पायरीवर बसून त्यांनी ती पहिल्यापासून मोठ्यानं वाचली, गाढवासकट. ऐकायला एकट्या भागीबाई. दोन ठिकाणी त्यांनी गुरुजींना थांबवून दुरुस्ती सांगितली. वाचून झाल्यावर त्यांनी ओंजळभर तांदूळ पाण्यात सोडले आणि बराच वेळ बसून राहिल्या. आजूबाजूला पर्यटक फोटो काढत होते. एकानं त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं. त्या सरकल्या.

वाचकहो, आपण सुजाण आहात, आमच्या समितीसारखे नाही. इथवर वाचताना आपण योग्य त्या ठिकाणी हसलात, योग्य त्या ठिकाणी हळहळलात. राजाचं नाव आपल्या लक्षात आहे. लढाईचं साल विचारलं तर आपण बरोबर सांगाल, तिथीसुद्धा. पण खोऱ्यात पाण्याखाली गेलेल्या त्या गावालाही एक नाव होतं. गुरुजींच्या अकरा पानांत ते नऊ वेळा येतं. मी मुद्दामच कुठे लिहिलं नाही. म्हटलं, कुणीतरी विचारेल.